टिपणीसांचे दोन ठोकळे

१

प्रतिमा टिपणीसांचं पत्र मला सत्याऐंशीच्या मार्चमध्ये आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पत्र न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून होतं. नवरा गेल्यावर त्या तिथे लेकीकडे, दीपाकडे राहायला गेल्या होत्या. दोन पानांत प्रश्न एकच होता. 'राजाभाऊ, त्या सकाळी यांनी ठोकळे ठेवले होते की नव्हते? तुम्ही बसखाली वाकून बघत होतात, मला दिसलात. बाकी काही विचारत नाही.'

मला उत्तर माहीत होतं. पोस्टकार्डावर मावलं असतं. मी पत्र एका जाड कोशात घातलं आणि कोश सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला लपवायची जागा म्हणून एवढंच सुचतं.

आता सप्टेंबर संपत आलाय. इतके महिने मी माझ्या गप्प बसण्याला स्वभाव म्हणत होतो. मी बुजरा आहे. चार माणसांत बोलायला लागलो की घसा सुकतो, आणि चूक माझीच असणार असं मला आधी वाटतं. हे सगळं खरं. पण भिडस्तपणा वेगळा आणि मी केलं ते वेगळं.

शैलेंद्र माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. अ‍ॅरिझोनात, चँडलरला, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. माझी बायको गेल्यावर त्याने मला बोलावून घेतलं. तेव्हापासून मी त्याच्याकडे आणि सुलेखाकडे राहतो. त्याने एक जुनी प्रवासी बस विकत घेतली, बाकडी उपटून आत पलंग, शेगडी, कपाटं बसवली. असं करणारी माणसं या देशात पुष्कळ आहेत, आणि ती अधूनमधून एखाद्या मैदानात आपापल्या बसेस घेऊन जमतात. जानेवारीत वाळवंटातल्या एका जत्रेच्या मैदानावर असा मेळावा होता. शैलेंद्र पहिल्यांदाच निघाला आणि मलाही घेऊन गेला.

फाटकावर वॉल्ट प्रुएट नावाच्या संयोजकाने आमच्या हातात एक पत्रक दिलं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी काय अपेक्षा ठेवावी, याची अकरा कलमं. मी छापलेलं सगळं वाचतो, तेही वाचलं. लोक तुमच्याआधी तुमच्या इंजिनाला भेटतील, राग मानू नका. शनिवारी दहा वाजता सगळ्यांनी दारं उघडी ठेवायची. कोणीही कोणाचंही घर आतून बघायचं, बूट बाहेर. पूर्वी काय काम करत होता हे कोणी विचारणार नाही. सातवं कलम असं होतं: लाकूड, दोरी, पाना लागला तर शेजारच्या बसपाशी दिसेल तो घ्या, सांगायचं मागाहून सांगा, इथे कोणी नाही म्हणत नाही.

गुरुवारी पोचलो तेव्हा, चाळीस बसेसमध्ये मराठी आम्हीच असू असं वाटलं होतं. पण दोन बस सोडून पलीकडे हेमचंद्र टिपणीस निघाले. नागपूरच्या एस.टी. वर्कशॉपात उमेदवारी, मग इथल्या इंजिनांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं, आणि आता बायकोसह बसमध्येच बिऱ्हाड. मी ग्रंथपाल होतो असं दोनदा सांगूनही ते मला मास्तरच म्हणायचे.

"मास्तर, ही बस कशावर उभी आहे?"

"चाकांवर."

"चाकं जमिनीवर उभी आहेत. अंग हवेवर आहे. चाकांपाशी रबरी फुगे आहेत, त्यात दाबाची हवा. ती गेली की अंग वीतभर खाली येतं. मधे माणूस असला तर काय होतं, ते तुमच्या पुस्तकात शोधू नका."

म्हणून त्यांच्या बसखाली, सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना, एकेक ठोकळा कायम उभा असायचा. रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे, डांबरात मुरलेले, काळेकुट्ट. ठोकळा आणि सांगाडा यांच्यात बोटभर फट होती.

"याच्यावर काही टेकतच नाहीये," मी म्हणालो. "मग उपयोग काय?"

"टेकायला नकोच," ते म्हणाले. "पडेल तेव्हा टेकेल."

शुक्रवारी दुपारी त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांना बसखालच्या कामाची काळजी यावर भाषण दिलं. कोणाच्या तरी बसमधून काढलेला ब्रेकचा वाकडा पाइप वर धरून म्हणाले, "हा ज्याने लावला त्याने मालकाच्या गळ्यात फास लावलाय." लावणारा, डेल किमेल, दुसऱ्या रांगेत बसला होता. तो उठला आणि जाताजाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझं तू सांभाळ, टिप."

शनिवारी सकाळी आठला बहुतेक मंडळी हॉलमध्ये नाश्त्याला गेली. गर्दी ओसरल्यावर जावं म्हणून मी मागे थांबलो, तर शैलेंद्रने मला कामाला लावलं. दहाच्या आत बस समतल करायची होती. त्याने टेबलावर पाणसळ ठेवली.

"काका, बबल सेंटरला आला की ओरडा. जस्ट टू मिनिट्स."

त्याने इंजिन सुरू केलं, हवा भरून बसचं अंग उचललं, डाव्या बाजूने खाली काहीतरी सरकवलं, मग हवा सोडली. बुडबुडा हलत हलत मधे येऊन थांबला. "आला," मी म्हणालो. आपण उपयोगी पडलो म्हणून मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पावणेनऊला हॉलकडे जाताना टिपणीस समोरून आले. चेहरा उतरलेला होता, पण मला बघून थांबले. "मास्तर, दहाला या घर बघायला. हवेचा एक जोड गळतोय, तेवढा बदलून टाकतो."

दहा मिनिटांनी प्रतिमाताई त्यांच्यासाठी कॉफी घेऊन बसपाशी गेल्या. बस जमिनीला टेकल्यासारखी खाली बसली होती, आणि तिच्या पोटाखालून दोन बूट बाहेर आले होते.

२

चार जॅक लावून बस उचलली. एका जॅकचा दांडा शैलेंद्र मारत होता, हात सोलवटेपर्यंत. उपयोग झाला नाही. शेरीफचा माणूस आला, तासाभरात गेला. जाताना त्याने अपघात असं लिहून घेतलं.

अकराला वॉल्ट प्रुएट हॉलमध्ये माइकपाशी उभा राहिला. गंभीर आवाज त्याला चांगला जमत होता. "टिपने आपल्या सगळ्यांना शिकवलं. आणि जे शिकवलं तेच एकदा तो स्वतः विसरला. ठोकळे न ठेवता खाली गेला. आपण त्याच्या चुकीतून शिकू या."

प्रतिमाताई पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, कारण मराठी माणूस म्हणून लोकांनी मलाच तिथे नेऊन बसवलं होतं.

"माझ्यामुळे विसरले हो, राजाभाऊ," त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं. "नाश्त्याला मी भांडले. म्हटलं, या डब्यात मी म्हातारी होणार नाही. मला पार्सिपनीला दीपाकडे नेऊन सोडा आणि तुम्ही एकटे फिरा. ते काही बोलले नाहीत. तसेच उठून गेले."

मला राग क्वचित येतो, आणि आला तरी तो योग्य आहे की नाही हे तपासेपर्यंत विझतो. त्या दिवशी विझला नाही. त्या माणसाने माइकवरून एका बाईच्या डोक्यावर नवऱ्याचं मरण ठेवलं होतं, आणि ठेवताना जागेवरून हलून बसखाली बघितलंही नव्हतं.

मी बघायला गेलो. मला बसमधलं काही कळत नाही. गुडघे दुखतात. तरी जमिनीवर आडवा झालो.

पहिल्यांदा दिसला तो पाना. हवेच्या नळीच्या जोडावर अजून लटकत होता, आणि जोडाचा नट पूर्ण सुटलेला होता. म्हणजे जोड आपोआप निसटला नव्हता. टिपणीसांनी तो स्वतः, शांतपणे, फेरे मोजत उघडला होता. हा नट सुटला की हवा जाणार आणि बस खाली येणार, हे त्या मैदानावर त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? नुसतं डोकावणारा माणूस ठोकळे विसरेल. स्वतःच्या हाताने हवा सोडणारा विसरत नाही. ठोकळे आहेत अशी खात्री असल्याशिवाय त्यांनी पाना लावलाच नसता.

पण ठोकळे नव्हते.

मग मी जमिनीकडे बघितलं. शुक्रवारी दिवसभर वारा होता. पिठासारखी धूळ सगळीकडे बसली होती, बसखालीसुद्धा. उजवीकडची जमीन मदतीला धावलेल्यांनी तुडवली होती. डावीकडे मात्र, सांगाड्याच्या बरोबर खाली, धुळीत एक कोरा चौकोन होता, सुरीने कापल्यासारखा. फळीवरून पुस्तक काढलं की धुळीत त्याची जागा उरते. जन्मभर अशा जागा बघून मी कोणतं पुस्तक नाहीसं झालं ते सांगत आलो आहे. त्या चौकोनात काळे कण सांडले होते. मी ते बोटावर घेऊन हुंगले.

डांबर.

ठोकळे गुरुवारपासून तिथे होते, शुक्रवारच्या वाऱ्यात होते, आणि त्यानंतर कोणीतरी ते उचलून नेले होते.

३

मी पहिल्यांदा शैलेंद्रला सांगितलं. तो आमच्या बसच्या पायरीवर हाताला पट्टी बांधत बसला होता. ऐकून बराच वेळ पट्टीकडेच बघत राहिला.

"डेल," तो म्हणाला. "काका, तोच असणार. काल सगळ्यांसमोर इन्सल्ट झाला त्याचा. पण तुम्ही यात पडू नका, प्लीज. प्रूव्ह काय करणार?"

सिद्ध करता येईल की नाही हे मलाही माहीत नव्हतं. पण प्रतिमाताईंना एक गोष्ट विचारायची राहिली होती. त्यांच्या बसमध्ये गेलो. त्या ओट्यापाशी उभ्या राहून धुतलेला कप पुन्हा धूत होत्या.

"सकाळी नाश्त्याआधी ते खाली गेले होते का?"

"साडेसातला. मला बॅटरी मागितली त्यांनी. गळती कुठे आहे ते बघून घेतलं, मग आठला दोघं हॉलमध्ये गेलो."

"तेव्हा ठोकळे होते?"

"मी वाकून बघितलं नाही, राजाभाऊ. पण नसते तर ते आत गेले नसते. साडेसातला आम्ही भांडलो नव्हतो ना अजून."

म्हणजे साडेसातला ठोकळे होते. पावणेनऊला ते परत आले तेव्हा नव्हते. तासाभरापूर्वी स्वतः बघितलेली वस्तू कोण पुन्हा बघतो? ते पलीकडच्या बाजूने, पुठ्ठ्यावर पाठ टेकून, सरळ गळक्या जोडापाशी सरकले असणार.

मी डेलकडे गेलो. जाताना दोनदा मागे फिरलो. तो हॉलच्या मागे लोखंडी तवा खरवडत होता. माझं इंग्रजी अशा वेळी पुस्तकी होतं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आठ ते पावणेनऊ?" तो म्हणाला. "म्हातारबाबा, मी सातपासून आरडाओरड होईपर्यंत या तव्यासमोर होतो. चाळीस बसमधली माणसं माझ्यासमोर ताट धरून रांगेत उभी होती. तुलासुद्धा मीच वाढलं."

ते खरं होतं. पावणेनऊनंतरच्या रांगेत मी स्वतः उभा होतो.

"टिपही आला," तो तव्याकडे बघत म्हणाला. "म्हणाला, डेल, तुझे पाइप वाईट, पॅनकेक चांगले. मी त्याला दोन जास्त वाढले. मला त्याचा राग होता. अजून आहे, कारण पाइपचं त्याचं म्हणणं बरोबर होतं." त्याने खरवडणं थांबवलं. "तू मला येऊन विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे नुसते बघतायत."

तिथून मी वॉल्टकडे गेलो. चौकोनाचं सांगितलं, डांबराचं सांगितलं.

"मिस्टर मंडल," तो म्हणाला. माझं आडनाव मुंडले. "दुसऱ्याच्या बसखालून कोण ठोकळे काढेल? इथे लोक लाकूड उचलतात, ते..."

तो मधेच थांबला. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता. त्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गठ्ठा उपडा घातला.

"शेरीफचं समाधान झालंय," तो म्हणाला. "त्या बाईंना आता शांतता हवी आहे."

त्याला कळलं होतं. मला जे कळायला दिवस गेला ते त्याला एका वाक्यात कळलं होतं, आणि त्याने ते हाताने झाकलं होतं. कोणी द्वेषाने ठोकळे नेले नव्हते. कोणाला तरी लाकूड हवं होतं, आणि सातव्या कलमाने त्याला ते घ्यायला सांगितलं होतं. आता एवढंच शोधायचं होतं की नाश्त्याच्या वेळी, मैदान रिकामं असताना, लाकूड कोणाला हवं होतं.

तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. कदाचित आलं असेल आणि मी येऊ दिलं नसेल.

४

चार वाजता मी आमच्या बसमध्ये परतलो. सुलेखा चहा करत होती. मी टेबलापाशी बसलो, वही काढली, पेन्सिल बाजूला ठेवली. ती घरंगळत जाऊन खाली पडली. उचलून ठेवली, पुन्हा पडली.

मी पेन्सिलीकडे बघत बसलो.

"काका, काय झालं?"

"सकाळी हे टेबल सरळ होतं," मी म्हणालो. "बुडबुडा मधे आला होता. मी स्वतः सांगितलं."

"मग?"

"आता कललंय. डावीकडे. मेळावा उद्यापर्यंत आहे, माणसं अजून घरं बघत फिरतायत. सकाळी खपून सरळ केलेली बस दुपारी कोणी वाकडी करतं का?"

सुलेखाने चहाचं भांडं खाली ठेवलं.

"अकराला, सगळे हॉलमध्ये होतो तेव्हा, शैलेंद्र कुठे होता?"

"इथे. हात दुखतोय म्हणाला. मी पर्स घ्यायला आले तर इंजिन चालू होतं. म्हटलं, काय रे? तर म्हणाला, हीटर लावतोय, थंडी वाजतेय." ती बोलता बोलता हळू झाली. "पण आपला हीटर गॅसवर आहे."

इंजिन सुरू केल्याशिवाय फुग्यांत हवा भरत नाही. हवा भरल्याशिवाय बसचं अंग उचलत नाही. आणि अंग उचलल्याशिवाय त्याखाली दबलेली वस्तू काढता येत नाही.

बाहेर मैदानाच्या मध्यावर लोकांनी टिपणीसांच्या आठवणीसाठी शेकोटी पेटवली होती. दार उघडताच वास आला. वाऱ्याबरोबर काळा, चिकट धूर आमच्या रांगेकडे येत होता. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणत होती, "हे डांबराचं लाकूड कोणी टाकलं यात?"

शैलेंद्र शेकोटीपाशी उभा होता. हातातल्या काठीने एक ओंडका आत ढकलत होता.

५

मी त्याला बसमध्ये बोलावलं. सुलेखाने दार लावून घेतलं.

"बस वाकडी का केलीस?" मी विचारलं.

"काका, हळू बोला."

"जन्मभर हळूच बोललोय. बस वाकडी का केलीस?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून होता.

"त्यांच्यावर काहीच टेकलेलं नव्हतं," तो म्हणाला. "आय स्वेअर, काका. आपल्या बसखाली ठोकळ्यांवर वजन येतं, म्हणून ते ठोकळे. त्यांचे नुसते उभे होते, वर गॅप होती. मला वाटलं एक्स्ट्रा आहेत. लीफलेटमध्येच लिहिलंय, घ्या म्हणून. ब्रेकफास्टला गेल्यावर सांगणार होतो. तर तिथे ते दोघं भांडत होते. म्हटलं, नंतर सांगू."

"आणि कळलं केव्हा?"

"जॅक मारताना."

बाहेर कोणीतरी गिटार लावत होतं.

इथपर्यंत मी त्याला माफ करू शकत होतो. उपयोग काय, हा प्रश्न मीही त्या ठोकळ्यांकडे बघून विचारला होता. फरक एवढाच की माझ्याशेजारी उत्तर द्यायला टिपणीस उभे होते. ज्याला माहीत नाही त्याला ते लाकूड निरुपयोगीच दिसणार. ज्या क्षणी त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणाआधी ते कशालाच लागत नाही.

"ही चूक झाली," मी म्हणालो. "पण मग तू ते जाळलेस. आणि मला डेलचं नाव दिलंस."



"तू जाळलेस?" सुलेखा म्हणाली. "शैलू, आत्ता? ते जळतायत ते?"

"ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू मार्चमध्ये आहे, सुलेखा. मॅनस्लॉटर म्हणतील. विल यू थिंक फॉर अ मिनिट? आपल्याला डिपोर्ट करतील. काकांनाही."

"त्या बाई दोन बस सोडून बसल्यात," मी म्हणालो. "त्यांना वाटतंय नवऱ्याला त्यांनी मारलं. भांडून."

"थोडे दिवस वाटेल, काका. मग सावरतील. माणसं सावरतात."

माझा हात उठला. मी आयुष्यात कोणाला मारलेलं नाही. तो हात हवेत राहिला आणि मी तो खाली घेतला, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं खाली घेतलं. मला पुढे होऊन दोन बस चालून जायचं होतं. सत्तर पावलं. मी गेलो नाही. रविवारी निघताना प्रतिमाताईंचा निरोप घेतला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी काही सांगेन म्हणून. मी म्हणालो, "जपा."

डेल किमेलला मी जाब विचारला. वॉल्टला मनातल्या मनात भित्रा म्हटलं. शैलेंद्रवर हात उगारला. आणि शेवटच्या दोघांनी मिळून जे केलं तेच मी एका शब्दात केलं.

६

मार्चमध्ये पत्र आलं. त्याच महिन्यात शैलेंद्रची मुलाखत झाली. मे महिन्यात कार्डं आली, सुलेखाने शिरा केला, आणि आम्ही तिघांनी तो एकमेकांकडे न बघता खाल्ला. कार्डं आल्यावर लिहीन असं मी स्वतःला सांगितलं होतं. मग उन्हाळा सरल्यावर. मग असं वाटलं की इतक्या उशिरा लिहिणं म्हणजे त्या बाईंची खपली काढणं. स्वतःला समजवायला मला नेहमीच चांगली वाक्यं सापडतात.

गेल्या आठवड्यात टपालाने पुढच्या जानेवारीच्या मेळाव्याचं पत्रक आलं. मी छापलेलं सगळं वाचतो. सातवं कलम होतं तसंच होतं: शेजारच्या बसपाशी दिसेल तो घ्या. आणि शेवटी एक नवं कलम होतं, बारावं. 'बसखाली जाताना ठोकळे ठेवायला विसरू नका. आपला मित्र टिप विसरला.'

मी ते उभ्यानेच वाचलं. ज्याने मारलं ते कलम शाबूत होतं, आणि जो मेला त्याचं नाव चुकीबद्दल छापलं गेलं होतं. ग्रंथालयात एक कार्ड चुकीचं लिहिलं की पुढची पन्नास वर्षं माणसं त्या चुकीवर विश्वास ठेवतात; ते मी माझ्या हाताखाली कधी होऊ दिलं नाही. चार दमड्यांच्या पुस्तकासाठी मी रात्रंदिवस जागरूक होतो. आणि टिपणीसांच्या बाबतीत खरं कार्ड माझ्या खिशात होतं.

मी कोश खाली काढला आणि टेबलाशी बसलो. पहिला मसुदा चार ओळींचा झाला. ठोकळे ठेवले होते, एवढंच. त्यांनी तेवढंच विचारलं होतं. वाचून बघितला आणि लाज वाटली. ठेवले होते, मग गेले कुठे, हा प्रश्न त्यांच्यासाठी मी नवीन तयार करून पाठवत होतो. फाडला. दुसरा असा लिहिला:

'प्रतिमाताई, ठोकळे ठेवले होते. दोन्ही. साडेसातला ते बसखाली गेले तेव्हाही होते. तुम्ही दोघं नाश्त्याला गेलात त्या वेळी माझ्या पुतण्याने, शैलेंद्रने, ते आमची बस समतल करायला नेले. वर काही टेकलेलं नाही म्हणून ते जादाचे आहेत असं त्याला वाटलं. त्याने विचारलं नाही. हेमचंद्ररावांनी तासाभरापूर्वी स्वतः बघितलेल्या ठोकळ्यांवर विश्वास ठेवून जोड उघडला. ते काहीही विसरले नाहीत, आणि तुमच्या भांडणाचा याच्याशी संबंध नाही. दुपारी शैलेंद्रने ते ठोकळे जाळले. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी आठ महिने गप्प राहिलो. याची एक प्रत वॉल्ट प्रुएट यांना पाठवतो आहे, सातवं कलम काढून टाकावं आणि बारावं दुरुस्त करावं म्हणून. तुम्हाला आणखी कोणाला हे दाखवायचं असेल तर दाखवा. राजाराम मुंडले.'

आज सकाळी शैलेंद्र कामावर जाण्याआधी मी पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने उभ्यानेच वाचलं.

"माझं नाव कशाला?" तो म्हणाला. "त्यांनी ते विचारलंच नाहीये, काका. ठेवले होते का, एवढंच विचारलंय."

"नाव काढतो. खाली जागा आहे, तुझ्या हाताने तू लिही." मी पेन पुढे केलं. "तू लिहिलेलं त्यांच्यापर्यंत जास्त पोचेल. माझ्यापेक्षा त्यांना तुझ्याकडून हवं आहे."

त्याने पेनकडे बघितलं. मला एक क्षण वाटलं की तो घेईल.

"एवढं सगळं केलं तुमच्यासाठी," तो म्हणाला. "विमानाच्या तिकिटापासून. हे माझं घर आहे, काका."

"हो."

"मी हे कोर्टात नाकारेन."

"नाकार. मग मला बोलावतील. बोलता येईल की नाही माहीत नाही, पण जाईन."

तो गाडी काढून गेला. पेन माझ्याच हातात राहिलं. मी पाकिटं बंद केली, पत्ते घातले, आणि मग लक्षात आलं की घरात तिकिटं कुठे असतात तेही मला माहीत नाही. सुलेखा स्वयंपाकघरातून आली. तिने ड्रॉवर उघडला, दोन तिकिटं फाडली, स्वतः चिकटवली, आणि पार्सिपनीच्या पाकिटावरचं तिकीट अंगठ्याने पुन्हा एकदा दाबलं.

"आपल्या पेटीत ठेवू नका," ती म्हणाली. "पोस्टमन पत्रं न्यायला तीनला येतो. हा जेवायला घरी आला तर काढून घेईल."

"कुठे टाकू?"

"दुकानांच्या कोपऱ्यावर टपालाची निळी पेटी आहे. चला, मी सोडते."

"नको, चालत जातो."

चँडलरमध्ये कोणी चालत नाही. पाऊण तास लागला. ऊन होतं, वाटेत दोनदा थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा परत फिरण्यासाठी एक चांगलं वाक्य सुचलं. पेटीपाशी पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती. आधी वॉल्टचं पाकीट टाकलं. मग झाकण पुन्हा ओढलं आणि प्रतिमाताईंचं आत सोडलं. ते तळाशी आपटल्याचा आवाज आला. तरी मी झाकण आणखी एकदा उघडून बघितलं. कडेला काही अडकलेलं नव्हतं.